टकळीचा छंद : साधन की बंधन?

कीर्तन आटोपले, आरती झाली, की शंका विचारण्यासाठी दहा-पाच मंडळी मागे थांबतात, हा आपल्याकडचा नित्याचा प्रघात. त्यांत बहुधा जुन्याच शंका असतात. प्रारब्ध मोठे की प्रयत्न, सगुण खरे की निर्गुण, वगैरे. परंतु गेली काही वर्षे जळगाव-धुळ्याकडे फिरताना एक निराळी शंका कानी येऊ लागली आहे आणि ती बहुतेक वेळा आजीबाईंकडून येते. "बुवा, मी घरी टकळीवर सूत कातते. पोटासाठी नाही, कुणी सांगितलं म्हणूनही नाही, आपली आवड. सगळं सोडायचं हे वय, अन् मी नवीन काहीतरी धरून बसले. हाई पाप शे का?" कोणी कातते, कोणी सुयांवर लोकरीचे विणते, कोणी दोन्ही करते. प्रश्न मात्र एकच.

पाप नव्हे, एवढे तर मी उभ्या उभ्या सांगतो. पण तेवढ्याने शंका फिटत नाही. या बाईंचे म्हणणे नीट ऐकले तर त्यात शास्त्राचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. उतारवयात कर्तृत्व सोडावे, 'मी करतो' ही गाठ सैल करावी, असे आपण जन्मभर ऐकत आलो. मग ज्या कामाची घराला गरज नाही, गावाला गरज नाही, असे काम हौसेने नव्याने हाती घेणे म्हणजे सुटत आलेली गाठ पुन्हा आवळणे नव्हे काय?

आता ही आवड आली कुठून, ते पाहू. आज सत्तरीत असलेल्या पुष्कळ बायांनी लहानपणी शाळेत टकळी फिरवली आहे. मूलोद्योगाचा तास असे, पितळी चकतीची टकळी दप्तरात असे, आणि गुरुजी सूत मोजून घेत. पुढे लग्न झाले, चूल, शेत, गुरेढोरे, लेकरे यांत टकळी कुठल्या कुठे गेली. लेकरे पुण्या-मुंबईला नोकरीला लागली, घरी पिठाची गिरणी आली, मिक्सर आला, धुण्याचे यंत्र आले, आणि एक दिवस बाईच्या ध्यानात आले की या घरात आपल्या हाताची कोणालाच गरज उरली नाही. "आई, तुम्ही नुसतं बसा," असे सून मोठ्या प्रेमाने म्हणते. त्या प्रेमाच्या बोलण्यात केवढी शिक्षा असते, हे तिला बिचारीला ठाऊक नसते. मग ट्रंकेच्या तळाशी टकळी सापडते. कोणी जळगावच्या जैन हिल्सवर 2012 साली उघडलेले गांधी तीर्थ पाहायला जाते, तिथे चरखे पाहून हाताला जुनी आठवण होते. पुढचे आपोआप होते.

आपल्या खानदेशात ही आवड उगवावी यात नवल नाही. काळी माती आणि कापूस हे इथले धन. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, यांनी घरेच्या घरे पोसली; जळगावच्या त्या मिलचा भोंगा बंद पडूनही आता वर्षे लोटली. हाताच्या सुताचे म्हणाल तर त्याचाही इतिहास याच जिल्ह्यांतून गेला आहे. डिसेंबर 1924 मध्ये बेळगावच्या काँग्रेसने ठरवले होते की सभासदाने महिन्याला दोन हजार वार सूत द्यावे. पुढल्याच वर्षी, 1925 साली पाटण्यास, पैशाची वर्गणीही चालेल असे झाले आणि चरखा संघ वेगळा निघाला. डिसेंबर 1936 मध्ये यावल तालुक्यातील फैजपूरला काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले. पंडित नेहरू अध्यक्ष, नंदलाल बोसांची सजावट, आणि खादी-ग्रामोद्योगांचे प्रदर्शन महात्माजींनी उघडलेले. तेव्हा कातणे हे व्रत होते. त्याच्याही आधी, गिरण्या येण्यापूर्वी, ते पोट होते. आज ते ना व्रत, ना पोट. उरला तो छंद.

'छंद' या शब्दाकडे जरा पाहावे. संस्कृतात छंद म्हणजे वृत्त, आणि छंद म्हणजे इच्छा, मर्जी. बोलीत आपण 'पोराला वाईट छंद लागला' असेही म्हणतो आणि 'नामाचा छंद लागला' असेही म्हणतो. शब्द एकच, तो कुठे नेईल हे मात्र शब्द सांगत नाही.

या आजीबाईंच्या घरी एखादा हिशेबी नातू असतोच. असा एक नातू माझ्यासमोर कागद घेऊन बसला. उपरणे दोन मीटर लांब, मीटरभर रुंद. एका सेंटिमीटरात अठरा उभे धागे आणि अठरा आडवे धरले, तर ताण्याला 3600 मीटर आणि बाण्याला 3600 मीटर, म्हणजे सारे मिळून 7200 मीटर सूत. हात बसला की चरख्यावर तासाला तीनशे मीटर निघते. चोवीस तास झाले. रोज अर्धा तास बसले तर अठ्ठेचाळीस दिवस. टकळीवर तर याहून कितीतरी अधिक. त्यावर हातमागाची विणाई वेगळी. "आणि आजोबा, बाजारात यंत्राचं उपरणं दीड-दोनशे रुपयांत मिळतं!" हिशेब अगदी बिनचूक होता. मी त्याला शाबासकी दिली. मग विचारले, "त्या अठ्ठेचाळीस अर्ध्या तासांचं आजी दुसरं काय करणार होती?" पोरगा थोडा थांबून म्हणाला, "टीव्ही." असो.

परंतु वेळ वाचवायचा की घालवायचा, हा मूळ प्रश्नच नव्हे. मूळ प्रश्न कर्तृत्वाचा. तिथे दोन आक्षेप आहेत, आणि दोन्ही थोरांचे आहेत, म्हणून दोन्हींचा आदराने विचार केला पाहिजे.

पहिला रवींद्रनाथांचा. सप्टेंबर 1925 मध्ये 'मॉडर्न रिव्ह्यू' मासिकात त्यांनी चरख्यावर टीकेचा लेख लिहिला, आणि महात्माजींनी नोव्हेंबरात 'यंग इंडिया'तून त्याला उत्तर दिले. कवींच्या म्हणण्याचा एक भाग असा की, तेच ते काम पुन्हा पुन्हा करत राहिल्याने मन जड होते, माणूस यंत्रासारखा होतो. वारकऱ्याने हे ऐकून लगेच हसू नये. आपण तर एकच नाम हजार वेळा घेतो, तीच वाट दरसाल चालतो. तेव्हा आवृत्तीने मन जड होत नाही, असे आपल्याला चटकन म्हणावेसे वाटते. पण गिरणीतल्या साच्यावरचा कामगारही तेच ते करीत होता, आणि त्याचे मन त्यात फुलत नव्हते, हे त्याच्या घरच्यांना विचारा. तेव्हा आवृत्तीत स्वतःचे असे पुण्य काही नाही. भोंगा वाजल्यावाचून ज्याला काम खाली ठेवता येत नाही, त्याची आवृत्ती एक. आणि जी हवी तेव्हा टकळी उचलते, हवी तेव्हा ठेवते, तिची आवृत्ती दुसरी. नामाची गोडीही कोणी छडी घेऊन मागे उभे नसते म्हणूनच आहे. म्हणून रवींद्रनाथांचे म्हणणे सक्तीच्या कताईला पुष्कळ लागू पडते, आपखुशीच्या कताईला थोडे.

आणि ज्यांनी कधी कातले नाही, त्यांनी 'तेच ते' म्हणण्याची घाई करू नये. डाव्या हातात पेळू, उजव्याने टकळीला पीळ द्यायचा, आणि पेळू हळूहळू मागे ओढत न्यायचा. पीळ कमी पडला तर धागा विरतो. जास्त पडला तर त्याला गुंडाळ्या पडतात, तो स्वतःवरच चिडल्यासारखा आखडतो. पावसाळी दमट हवेत सूत निराळे निघते, चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला भिडतो तेव्हा कोरडे, ठिसूळ निघते. घरात भांडण करून कातायला बसले तर दर हाताला धागा तुटतो, असे कातणाऱ्या सगळ्याच बाया सांगतात. साक्रीकडचा मेंढपाळ पूर्वी मेंढरांमागे चालता चालता लोकर कातीत असे. बोटे धाग्यावर, डोळा कळपावर. जनाबाईचे दळण आणि नाम यांचा जोडा आपण कीर्तनात नेहमी सांगतो, त्याचे वर्म अशा हातांना न सांगताच कळते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड. तो भागवताच्या पंचम स्कंधातला. भरत राजाने एवढे मोठे राज्य टाकले, पुत्र टाकले, गंडकीच्या काठी जाऊन राहिला. सिंहाच्या गर्जनेने भ्यालेल्या हरिणीचे पाडस प्रवाहात पडले ते त्याने दयेने उचलले, आणि ज्याने राज्य सोडले होते त्याला ते पाडस काही सोडवेना. अंतकाळी चित्तात तेच. पुढचा जन्म हरिणाचा. म्हणजे पाहा, आसक्ती वस्तूच्या मोलावर बसत नाही. राज्य सोडणे सोपे आणि पाडस सोडणे कठीण, असे घडते. मग लोकरीचा गुंडा म्हणजे या आजीबाईंचे पाडसच नव्हे का?

हा आक्षेप मला खोडता येत नाही, आणि खोडूही नये. मी अशी घरे पाहिली आहेत की जिथे कपाट उघडले तर लोकरीच्या पिशव्या अंगावर येतात. पाच जन्म विणले तरी संपायची नाही इतकी लोकर. तरी भुसावळच्या बाजारात नवा रंग दिसला की पाय थांबतो. सुताचा नंबर वाढवण्याचीही एक चढाओढ असते. पौंडभर सुतात 840 वारांच्या जितक्या लडी भरतील, तितका त्याचा नंबर. म्हणजे आकडा मोठा तितके सूत बारीक. कोणी वीसवर पोहोचते, कोणी चाळीसवर, आणि मग वीसवालीकडे चाळीसवाली कशी पाहते, ते सांगायला नको. असे झाले की टकळी हातात राहत नाही, ती डोक्यात फिरू लागते.

तरीसुद्धा माझे मत छंदाच्या बाजूने पडते, आणि त्याचे कारण सांगतो. गीता आपल्याला कर्माचे फळ सोडायला सांगते. ऐकायला गोड, पण कुठल्या फळावर हा अभ्यास करायचा? शेतकऱ्याला म्हणावे, बाबा, कापसाच्या भावाची आसक्ती सोड. त्याने का सोडावी? त्याच्यावर सोसायटीचे कर्ज आहे, पोरीचे लग्न आहे. जिथे फळावर पोट अवलंबून आहे तिथे फलत्याग शिकवणारा माणूस स्वतः जेवून आलेला असतो. छंदाचे तसे नाही. उपरणे झाले काय, न झाले काय, कोणी उपाशी राहत नाही. फळ असते, पण इतके हलके असते की सोडून पाहण्याची ताकद म्हाताऱ्या हातातही असते. पोहायला शिकणाऱ्याला आपण तापीच्या पुरात ढकलत नाही, आधी विहिरीत कमरेला दोर बांधून उतरवतो. तसे हे आहे. आणि नुसते बसून राहिल्याने कर्तृत्व सुटते असे ज्यांना वाटते त्यांनी रिकाम्या हातांनी ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्याचे तासभर बोलणे ऐकावे. कोणाची जमीन कशी गेली, कोणत्या सुनेने काय म्हटले. हात थांबले, पण आतला चरखा बाहेरच्यापेक्षा दसपट वेगाने फिरतो आहे.

मात्र इथे एक गोष्ट मी जरा कडकपणे सांगणार आहे. छंदाला सेवा म्हणू नये. तप म्हणू नये. खादीचे नाव लावून मिरवू नये. जनाबाई दळत होती ती हौसेने नव्हे. कबीर विणीत होता तो हौसेने नव्हे. त्यांच्या कष्टांची पवित्रता आपल्या फुरसतीवर पांघरून घेणे बरे नव्हे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी एकेक अध्याय सांगितला, आणि अमळनेरला मास्तरकी केलेल्या साने गुरुजींनी ते सारे उतरून घेतले. त्याचीच 'गीता प्रवचने' झाली. त्यांत विनोबा म्हणतात ते असे की, बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड मिळाली पाहिजे; त्या आतल्या कर्माला त्यांनी विकर्म म्हटले. दोन्ही जुळली की कर्माचे ओझे उरत नाही. हे सांगणारा माणूस पुढे वर्ध्याजवळ नालवाडीला काय करता झाला? कातणाऱ्या गरिबाला मिळते तेवढ्याच मजुरीवर स्वतः कातून पोट भरून पाहू लागला. कातणे काय असते हे त्याला ठाऊक होते. कातणाऱ्याची भूक काय असते ते त्याला पाहायचे होते.

आपल्याला ते झेपणार नाही. पण एवढे तर होईल: हातातला पेळू कुठून आला याचा विचार. सातपुड्यातून पावरा कुटुंबे कापूस वेचायला चोपडा-यावलच्या रानांत उतरतात. बोंडाच्या वाळलेल्या काट्यांनी बोटे फाटतात, मजुरी किलोवर. मग जिनिंगवर सरकी निघते, रुई पिंजली जाते, पेळू वळला जातो, आणि तो मऊ पेळू आजीच्या मांडीवर येतो. तिची बोटे कशी सुखाने फिरतात! फिरू द्यावीत, त्यात लाज नाही. आवडीचे काम आवडीचे म्हणून करावे, आनंद हा आनंद म्हणूनच घ्यावा. फक्त तो आनंद कुणाच्या फाटक्या बोटांवरून आपल्यापर्यंत आला हे विसरू नये, आणि वेचणीच्या दिवसांत दारी कोणी पाणी मागितले तर टकळी खाली ठेवून उठावे.

कीर्तनात सुया चालवाव्यात का, असेही विचारतात. माझी हरकत नाही. मात्र नक्षीचे विणकाम घरी ठेवून यावे. दोन सुलट, एक उलट, तीन सोडून पुन्हा सुलट, असे टाके मोजू लागले की अभंगाचा चरण सुटतो, हे मी समोरच्या तोंडांवरून ओळखतो. साधा सुलट टाका असेल तर कान मोकळा राहतो.

आता फळ सोडणे म्हणजे प्रत्यक्षात काय, याचा एक दाखला देऊन थांबतो. त्याआधी पतंजलीच्या महाभाष्यातली एक गंमत सांगायला हवी. एकजण विणकराला म्हणतो, या सुताचे वस्त्र विण. विणकर विचारात पडतो. वस्त्र असेल तर ते विणायचे कशाला? आणि विणायचे असेल तर ते अजून वस्त्र कुठे आहे? भाष्यकार उलगडा करतात की बोलणाऱ्याच्या मनात पुढे लाभणारे नाव आहे. विणून झाल्यावर ज्याला वस्त्र म्हणतील ते विण, एवढाच अर्थ. पाठशाळेत आम्ही हे व्याकरणाचे उदाहरण म्हणून घोकले. त्यात संसाराचेही वर्म आहे हे फार उशिरा ध्यानात आले. सुईवर दोन ओळी चढल्या नाहीत तोच आपण म्हणतो, 'हा नातवाचा स्वेटर.' वस्तू जन्मायची आहे, नाव आधी ठेवले, मालक आधी ठरवला, आणि तो तो घालून कसा दिसेल तेही आधीच डोळ्यांसमोर आले. आसक्ती लोकरीला चिकटत नाही, या आगाऊ नावाला चिकटते.

धुळ्याच्या एका बाईंनी असाच नातवाचा स्वेटर विणला. पौषात तिकडे पारा सात-आठ अंशांवर उतरतो, त्या थंडीत कंदील... नव्हे, आता विजेचा दिवाच म्हणायचा, तर दिव्याखाली बसून दीड महिना विणला. नातू पुण्याचा, वय पंधरा. त्याने तो एकदा घातला, आरशात पाहिले, आणि "छान आहे, आजी," म्हणून खुंटीला अडकवला. जाताना न्यायचा राहिला. पुढल्या खेपेलाही राहिला. बाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी शिवण सोडवली, वरचे टोक मोकळे केले आणि सारा स्वेटर उसवला. उसवलेली लोकर कुरळी होते, म्हणून लड करून कोमट पाण्यात भिजवली, खाली जड तांब्या बांधून दोरीवर वाळत घातली. दुसऱ्या दिवशी लोकर सरळ. त्यातून लहान पोरांचे मोजे निघाले, सहा जोड. ते जिनिंगवर कामाला आलेल्या बायांच्या लेकरांना गेले. या खेपेला विणताना कुणाचे नाव ठेवले नव्हते, कारण त्या लेकरांची नावेच त्यांना ठाऊक नव्हती.

मी विचारले, "मावशी, उसवताना वाईट नाही वाटलं?" त्या म्हणाल्या, "वाटलं ना बुवा, न वाटायला काय झालं! पण त्याहून वाईट म्हणजे लोकर कमी पडली. शेवटच्या जोडीला अंगठ्याशी दुसरा रंग लावावा लागला. ते मात्र मला अजून बरं दिसत नाही."